मळ्यात रेंज नसलेलं सिम

४ फेब्रुवारी
सुनेला फोन पाहिजे! सुट्टी संपवून पलटणीत परत जाताना वीरधवल सांगून गेला — "आई, पूजाला एक फोन घिऊन दे." इतके दिवस माझ्याच फोनवर बोलायची की! माझ्यासमोर, स्पीकर लावून. त्यात काय बिघडलं? एकुलता एक पोरगा माझा. त्याचा आवाजसुद्धा वाटून घ्यायचा का आता?

६ फेब्रुवारी
तासगावला गेले. दुकानातला तौसीफ म्हणाला, "काकी, ह्यो घ्या. कंच्या बी कंपनीचं सिम चालतंय." मी शेजारच्या बटणाच्या फोनवर बोट ठेवलं. "त्यो नगं वं! त्यात एकाच कंपनीचं सिम चालतंय, दुसरं घेतच न्हाई. आन् त्या कंपनीला तुमच्या मळ्यात रेंज न्हाई!"
"तसलाच दे," म्हटलं.
प्रीपेड घेतलं, सिम माझ्या नावावर. एसटीत हसू आवरेना.

७ फेब्रुवारी
फोन दिला. पाया पडली बया! मग दिवसभर माडीवर, गोठ्यात, चुलीपाशी — हात वर करून हिंडतेय. "आत्याबाई, रेंजच न्हाई वं." म्हटलं, नशीब तुझं.

१९ फेब्रुवारी
तिचा फोन लागेना म्हणून तिच्या बापानं मला लावला. तिच्या आईचं मिरजेत ऑपरेशन. आत न्यायच्या आधी लेकीशी बोलायचं म्हणत होती. पूजा तिथंच भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "ती रानात गेलीया."
संध्याकाळी जेवणं झाल्यावर सांगितलं. रडेल म्हणून बघत बसले. नाही रडली! भांडी घासायला गेली. लय आतल्या गाठीची.

२ मार्च
बेदाण्याच्या शेडवर कामाला असते ती शालूबाई सांगत आली — "आवं काकी, तुमची सून शेडच्या मागं उभी ऱ्हाऊन फोनवर बोलती. तितं रेंज घावती."
म्हणजे जळण आणायला म्हणून जाते ते हे! आणि वीरधवलचा मला कवापासून फोन नाही. आज मीच लावला. "ऑपरेशनचं कळलं मला, आई," एवढंच बोलला नि ठेवला. काय काय कान भरलेत भवानीनं!

१७ एप्रिल
वीरधवल आला तो तिला घेऊन जायलाच. जम्मूला क्वार्टर मिळालाय म्हणे. निघताना पूजानं तो फोन पदरानं पुसला आणि माझ्यासमोर फळीवर ठेवला. "हिकडचं प्रीपेड तिकडं चालत न्हाई, आत्याबाई. तुमालाच ऱ्हाऊ दे."
वीरधवल पाया पडला, पण माझ्या तोंडाकडं बघेना. एवढ्या मोठ्या घरात आता मी एकटी.

३० एप्रिल
वीरधवल फोन उचलत नाही.

४ मे
आज उचलला — पूजानं. "हॅलो, आत्याबाई? आवाज तुटतोय वं... हितं रेंज न्हाई..."
मला कुकरची शिट्टी स्पष्ट ऐकू आली. आणि मागं माझ्या पोराचं हसणं.