जरा बाजूला बघ

चैत्र अमावस्या, सोनगीर

धाकटी सुमी चाळीसगावहून, सासरहून आली त्याला आठवडा झाला. बोलत काहीच नाही. आई रोज समोर बसून विचारते, "काय व्हयनं बेटा?" आज मी धुळ्याहून आले आणि तेच केलं. उलटतपासणीच घेतली. शिक्षिकेची खोड, दुसरं काय! ती ताटावरून उठली.

नंतर तिला गच्चीवर नेलं. शाळेची दुर्बीण आणली होती, कन्या राशीतला दीर्घिकांचा समूह दाखवायला. आपली आकाशगंगा ज्या महासमूहात आहे, त्याच्या मध्यावरचा. म्हणजे शेजारच. तरी तिथला उजेड पोचायला पाच कोटींहून जास्त वर्षं लागतात.

"काहीच नाही दिसत, ताई."

"सरळ नको, जरा बाजूला बघ. अंधुक गोष्ट रोखून पाहिली की नाहीशी होते."

तिने नजर किंचित सरकवली. मग म्हणाली, "दिसलं. पिंजलेल्या कापसासारखं." आणि डोळा तसाच लावून, त्याच आवाजात, "मी परत नाही जाणार. ते हात उचलतात माझ्यावर."

माझी मान वळत होती, ती आवरली. जरा बाजूला, गावामागच्या किल्ल्याच्या काळ्या आकाराकडे बघत राहिले.

ती बोलत राहिली.