लॅबमधला फाईलचोर

३ ऑगस्ट
कॉलेजात नाव घातलं. या वयात! दोन विषय: 'फौजदारी न्यायाची तोंडओळख' आणि 'संगणकाची तोंडओळख'. दोन्ही पास झालो की दुकानात सुपरवायझर, म्हणजे रात्रपाळी कायमची बंद. मालकांनी तसा शब्द दिलाय. बायकोला म्हटलं, नवीन वर्षापासून रोज रात्री घरी. ती चक्क लाजली.
'तोंडओळख' हे जरा अपमानास्पद वाटतं. कपड्यांच्या दुकानात इतकी वर्षं रखवाली केलेल्या माणसाला चोरांची काय तोंडओळख करून देणार?

१० ऑगस्ट
न्यायाच्या सरांनी निबंध दिलाय: 'आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरक'. टाइप करूनच द्यायचा. फरक कसला डोंबलाचा! गुन्हेगार म्हणजे पकडायचा राहिलेला, आरोपी म्हणजे पकडलेला.
कॉम्प्युटर लॅबमध्ये कोपऱ्यातलं मशीन धरलं. दोन बोटांनी पानभर टाइप केलं. निघताना बटण दाबून मशीन बंद केलं. बाकीची पोरं तशीच चालू टाकून जातात, शिस्त म्हणून नाही. भिंतीवर काहीतरी सूचना चिकटवलीय. पोरांसाठी असावी.

११ ऑगस्ट
फाईल गायब!! लॅब सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, पेन ड्राइव्हवर घेतली होती का? मी कशाला घेऊ? चोरी करायची सवय मला नाही. पण प्रश्न लक्षात ठेवलाय.

१४ ऑगस्ट
निबंध पुन्हा लिहिला. आधीपेक्षा सरस. या वेळी मशीन बंद केलंच, वर भिंतीवरचा स्विचही बंद केला. आता बघू कोण हात लावतो!

१६ ऑगस्ट
गायब. संशय बाईंवर. लॅबची किल्ली त्यांच्याकडे. शिवाय सदा हसतमुख. या पगारात माणूस इतका हसतमुख कसा?

२२ ऑगस्ट
सरांनी आज बोटांचे ठसे शिकवले. मी जागेवरून उठलोच. सर म्हणाले, बसा.

२३ ऑगस्ट, दुपारी
बायकोची टाल्कम पावडर, तिचाच मेकअपचा ब्रश, चिकटपट्टी. मशीनच्या बटणावर काय सुंदर ठसा मिळाला! अंगठा, मधोमध आडवा व्रण. सराईत दिसतो.
पावडर कीबोर्डवर जरा जास्तच सांडली. फुंकली तर आत गेली. आता निम्मी बटणं दबतात ती वर येत नाहीत. तपासात एवढं चालायचंच.
बायकोनं पावडर कुठेय म्हणून विचारलं. म्हटलं, पुराव्यात जमा.

२९ ऑगस्ट
बाईंचा पाण्याचा ग्लास शिताफीनं लांबवला. त्यांच्या अंगठ्यावर व्रण नाही. म्हणजे साथीदार आहे! प्रकरण वाटलं त्याहून मोठं आहे. निबंधाला वेळ मिळत नाही, पण मिळाला तरी चोरीलाच जाणार.

१ सप्टेंबर
प्राचार्यांकडे तक्रार दिली. मागणी स्पष्ट: दोषी कुणीही असो, त्याला वर्षभर लॅबबंदी, आणि त्यानं सर्वांसमोर माफी मागावी. सर हळूच म्हणाले, जरा कडक होतंय, बाईंची नोकरी जाईल. म्हटलं, दया दाखवली की हे लोक सोकावतात. बाहेर पडताना बाई दिसल्या. हसत नव्हत्या. क्षणभर वाईट वाटलं, मग निबंध आठवला.

५ सप्टेंबर
सुनावणी. ठसा भिंतीवर हा एवढा मोठा करून दाखवला. कोट घातला होता. छान बोललो.
मग बाई उठल्या. म्हणाल्या, ही मशिनं बंद केली की आत ठेवलेलं सगळं आपोआप पुसलं जातं, कुणी भलतंसलतं टाकून ठेवू नये म्हणून. भिंतीवर तेच लिहिलंय. म्हणून पोरं मशीन चालूच ठेवतात आणि काम पेन ड्राइव्हवर नेतात. तेव्हा बटण दाबणारा सापडला की झालं. मग मला म्हणाल्या, दादा, तुमचा उजवा अंगठा दाखवता?
मागे हाच अंगठा दुकानाच्या शटरखाली चेमटला होता, मधोमध आडवा व्रण राहिला. हे मी पार विसरलो होतो.
सर म्हणाले, ठसा इतका स्वच्छ घेतलाय की शंकेला जागाच नाही. प्राचार्यांनी माझी मागणी जशीच्या तशी मान्य केली.
बाईंची माफी मागितली. मान वर होत नव्हती, इतकी लाज वाटली. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, आधी तो कीबोर्ड भरून द्या.

संध्याकाळी
लॅब नाही म्हणजे संगणकाचा पेपर नाही. पेपर नाही म्हणजे सुपरवायझर नाही.
ड्यूटीचे बूट चढवत होतो, तर बायकोनं विचारलं, चोर सापडला का? म्हटलं, सापडला. शिक्षा काय? म्हटलं, वर्ष गेलं त्याचं. तिनं टाळीच वाजवली. म्हणाली, बरी खोड मोडली मेल्याची, माझ्या नवऱ्याच्या मुळावर उठला होता!
मग डबा हातात देऊन म्हणाली, आता थोड्याच रात्री राहिल्यात हो. मी हो म्हटलं आणि निघालो.