खाकी कव्हरातलं गाइड

थाटीपुर, ग्वाल्हेर
११ फेब्रुवारी २००१

चि. गोपाळ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तब्येतीबद्दल दीड ओळ आणि पुस्तकाबद्दल दीड पान, त्यावरून तू ठीक आहेस असं धरून चालते.

इकडची थंडी ओसरली. शाळेत दहावीच्या मुलींची उजळणी चालू आहे आणि निम्म्यांची नर्मदा अजून पूर्वेकडेच वाहते. नव्या राज्याचे नकाशे आलेले नाहीत, तेव्हा जुन्याच नकाशावर पेन्सिलीनं रेघ मारून मी छत्तीसगड वेगळं करून दाखवते. रेघ ओढली की बिलासपूर पलीकडे जातं. तू तिथे दोन वर्षांच्या बदलीवर गेलास, नोव्हेंबरात राज्य फुटलं आणि ज्या बाजूला होतास त्याच बाजूचा होऊन बसलास. वरच्या मजल्यावरच्या लीलाताई म्हणतात, "अगं, संगीत खुर्चीतलं गाणं बंद झालं तसं झालं याचं." त्यांना काय जातं हसायला.

आता पुस्तकाचं. काल शाळा अर्धा दिवस होती, तशीच नई सडकेला गेले. दौलतसिंहांच्या दुकानात तुझ्या नेटवर्किंगच्या परीक्षेची तीन गाइडं होती. एक पातळ हिंदी कुंजी, नुसते प्रश्न आणि उत्तरं. ती मी हातातही धरली नाही. असल्या कुंज्यांनी माझ्या मुली वाया गेल्यात. उरलेली दोन इंग्रजी, उशीएवढी जाड. स्टुलावर बसून दोन्ही चाळली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पुस्तक पारखायला विषय यावाच लागतो असं नाही. धड्याखाली प्रश्न आहेत का, आकृतीला नाव आहे का, शेवटी सूची आहे का, एवढं पाहिलं. एक धडा तर वाचलासुद्धा. एका यंत्रानं दुसऱ्याला निरोप धाडला की पोचल्याची खूण परत यावी लागते, नाही आली तर ते पुन्हा धाडतं. यंत्रांनाही एवढी रीत आहे, आणि तुला मी तीन पत्रं लिहावीत तेव्हा एक उत्तर येतं.

शेवटी एक निवडलं. उद्या रजिस्टर पोस्टानं निघेल. आईच्या नियमाप्रमाणे खाकी कव्हर घातलंय, आतून खळ लावून, म्हणजे मधेच निसटणार नाही. काढू नकोस, वरचा पुठ्ठा नाजूक आहे. लीलाताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "बत्तीस वर्षांच्या इंजिनीयरच्या पुस्तकाला कव्हर?" मी म्हटलं, आमच्याकडे कव्हराशिवाय पुस्तक उघडत नाहीत.

हैदराबादचं वाचलं. तुझा मित्र जयसिंह चांगला मुलगा आहे. सर्टिफिकेट मिळालं की तो तुला त्याच्या कंपनीत घेईल हेही कळलं. सरकारी नोकरी सोडणं लहान गोष्ट नाही, एवढंच म्हणते. उद्या कोणतं राज्य हवं ते विचारणारे पर्यायाचे फॉर्म निघाले की त्यात मध्य प्रदेश लिहून तुला ग्वाल्हेरला परत येता येईल, हेही लक्षात असू दे. माझी घाई नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझी
ताई


थाटीपुर, ग्वाल्हेर
२४ जून २००१

चि. गोपाळ यास आशीर्वाद.

नागपूरहून परीक्षा देऊन परतताना तू गाडीतच लिहिलेलं दिसतं, अक्षर हललं आहे. नापास झालास तर झालास. परीक्षा काय, पुन्हा देता येते, नाही दिली तरी चालतं. 'निम्मे प्रश्न मी जन्मात पाहिले नव्हते' असं लिहिलं आहेस. होतं असं. प्रश्न काढणारे लोक विचित्र असतात, मी त्यांच्यातलीच आहे. पण त्यावरून वय आणि बुद्धी यांवर घसरायचं कारण नाही.

जयसिंहाला येत नाही म्हणून कळवलंस हेही वाचलं. तुला योग्य वाटलं ते केलंस, त्यावर मी काय लिहू?

उन्हाळा फार वाईट गेला. शाळा बंद, लीलाताई मुलीकडे जबलपूरला. परवा भाजीवाल्याशी घासाघीस करताना लक्षात आलं की तीन दिवसांत मी मराठीत एक वाक्य बोललेली नाही. घरी आले आणि कुकरला म्हटलं, "बाबा रे, पुरे आता." तो थांबला नाही. हसू नकोस. तू असताना या घरात निदान भांडण तरी मराठीत होत असे.

पुस्तक चांगलं होतं, आपणच कमी पडलो, असं तू लिहिलंस. बरं. आंबे आणले होते, एकटीनं खाववले नाहीत, शेजारी दिले.

तुझी
ताई


थाटीपुर, ग्वाल्हेर
१२ ऑगस्ट २००१

चि. गोपाळ,

राखी पोचल्याचं कळलं. पाटणकर बाजारात गणपतीच्या मूर्ती लागल्या आहेत. लीलाताई परत आल्या, गुडघ्याचं रडगाणं घेऊन. शाळा सुरू झाली. हे सगळं लिहून पत्र संपवावं असं फार वाटतं आहे, आणि गेले चार दिवस मी असंच एक पत्र रोज लिहून फाडते आहे.

तुझं पंधरवड्यापूर्वीचं पत्र आलं, 'परीक्षेचा नाद सोडला, पर्यायात मध्य प्रदेश लिहितो, तिकडेच येतो, आता तुला मी सांभाळीन', तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. तुझी खोली झाडली. खाटेला नवी नवार घातली. लीलाताईंना इतक्या वेळा सांगितलं की त्या म्हणाल्या, "बाई, आता पुरे, येऊ दे त्याला."

बुधवारी तुझी पुढे पाठवलेली ट्रंक पोचली. कपड्यांना ऊन द्यावं म्हणून उघडली. तळाशी ते गाइड होतं. कव्हराचे कोपरे काळे पडलेत, पण सुटलं कुठेच नाही. आत पानापानावर तुझी पेन्सिल. शेवटच्या कोऱ्या पानावर तारखा मांडल्या आहेस, रोज पहाटे पाच ते आठ, फेब्रुवारी ते जून. मध्ये चार दिवस रिकामे, तिथे 'ताप' लिहिलं आहे. तापाचं मला कळवलं नव्हतंस. आणि खाली, बहुतेक नागपूरहून आल्यावर, एकच ओळ. 'गोपाळ, हे तुझ्याच्यानं होत नाही.'

बावीस वर्षं मी मुलींच्या वह्या तपासते आहे. इतका नीट अभ्यास मी कुणाचा पाहिलेला नाही.

आता ऐक. ते गाइड जुन्या परीक्षेचं होतं, आणि मला ते माहीत होतं.

दौलतसिंहांनी दोन्ही जाड पुस्तकं समोर ठेवली तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, ही पुरानी वाली आहे. हिचा पेपर बंद होऊन गेला, आता नवा नंबर चालतो. गोपाळरावांना नवी वालीच पाठवा." मी दोन्हीवरचे परीक्षेचे नंबर वाचले, पुन्हा विचारून खात्री केली, आणि म्हटलं, पुरानीच बांधून द्या. ते म्हणाले, "अहो, पण ही त्यांच्या काय कामाची? हिच्यात निम्मं नाहीच आहे." मी सांगितलं, त्यानं हीच मागवली आहे.

तुझ्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, सर्वांत नवं असेल ते.

घरी येऊन कव्हर घातलं ते नंबर झाकायला. खळही त्यासाठीच. आईचं नाव उगाच पुढे केलं. आतल्या पानावर बारीक अक्षरात तो नंबर आहे, पण पुस्तकाची पहिली पानं तू कधी वाचत नाहीस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? नागपूरच्या केंद्रावर नवा नंबर दिसूनही तुला शंका आली नसणार. ताईनं पाठवलेल्या पुस्तकावर शंका घ्यायची तुला सवय नाही.

का केलं ते सांगते. सबब म्हणून नाही, तुला विचारायचा हक्क आहे म्हणून. हैदराबादला गेलास की तू इकडे फिरकणार नाहीस, असं मनानं घेतलं. एकदा नापास झालास तर कंटाळशील, सरकारी नोकरीतच राहशील, आणि फॉर्म निघाला की इकडे येशील. अगदी तसंच झालं. मी एकटी राहायला घाबरते, गोपाळ. सगळ्यांना वाटतं, वनमालाबाईंना सवय आहे. नाही होत सवय. शाळेतून आले की कुलूप काढण्याआधी मी जिन्यात थोडा वेळ उभी राहते, लीलाताई दिसल्या तर दोन शब्द होतील म्हणून. आणि लोक जे म्हणतात ना, भावासाठी बिनलग्नाची राहिली, त्याचं ओझं तू वाहू नकोस. आलेली स्थळं मला पसंत नव्हती, एवढंच.

मला वाटलं होतं की फार तर तुझी एक परीक्षा जाईल. तू स्वतःलाच मूर्ख ठरवशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिक्षिकेच्या डोक्यात ते यायला हवं होतं. जूनमध्ये तुझं पत्र आलं तेव्हाच सांगायचं होतं. लिहायला बसले आणि आंब्यांबद्दल लिहिलं.

काल बूथवरून जयसिंहाला फोन केला. मागे दोन माणसं खोळंबली होती, तरी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, जागा अजून भरली नाही. ऑक्टोबरपर्यंत मी रोखून धरतो. पण हे त्याला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही." रागावला होता आणि ते बरोबरच होतं.

नवं गाइड वेगळ्या पार्सलनं निघालं आहे. दौलतसिंहांनी देताना माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मी तपासलं. जुन्यातलं बरंचसं नव्यातही आहे, ते तुझं झालेलं आहे. अगदी नवे असे नऊ धडे आहेत, त्यांना कागदाच्या खुणा लावल्या आहेत. नऊ धड्यांना तुला दीड महिना पुरेल.

फॉर्मची मुदत एकतीस तारखेची. माझ्यासाठी म्हणून मध्य प्रदेश लिहू नकोस, पाठवला असशील तर मागे घे. तुझं स्वतःचं काही कारण असेल तर लिही. मी थोर मनानं सांगत नाही. तू यावंस असं मला आत्ता हे लिहितानाही वाटतं आहे. पण अशा रीतीनं आणलेल्या भावासमोर बसून मला घास गिळता येणार नाही.

क्षमा मागत नाही, कारण मागितली की तू लगेच करशील. ट्रंक तुझ्या पत्त्यावर परत पाठवायची की इथेच राहू द्यायची, तेवढं कळव. बाकी उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आई गेली त्या वर्षी तू सहावीत होतास, गणितात नापास होऊन आलास आणि प्रगतिपुस्तक गादीखाली लपवलंस. सापडलं तेव्हा मी रागावले नाही, उन्हाळाभर रोज बसवून तुझ्याकडून गणितं करून घेतली. त्यानंतर तू कशातही नापास झाला नाहीस. नागपुरातही झालेला नाहीस. माझ्या बाकी कशावर विश्वास ठेवू नकोस, पण एवढ्यावर ठेव.

वनमाला