आधी आपलं भात काप

मोहने, आश्विन १९४८

बाबाला धाकूचा लांबून नमस्कार.

हे पत्र चाळीतले मास्तर लिहून देतायत. मी बरा आहे, बांधकामावर रोज काम मिळतंय. आईचा खोकला थांबला का?

तुझ्या लग्नाच्या कर्जापायी शेटकडे जन्मभर केलेली वेठ सुटली, तरी तू अजून शेटचंच भात आधी कापतोयस, असं गावचा विश्राम सांगत आला. इथे आभाळ भरलंय. तिथे पाऊस आला तर आपलं पिकलेलं भात आडवं होईल. बाबा, पत्र पोचताच आपल्या शेतात विळा घाल. शेट ओरडला तर ओरडू दे.

तुला सांगतोय खरा. पण इथे मुकादम नुसता खाकरला तरी मी हातातली भाकर टाकून उठतो. बाकीचे बसून जेवत असतात.

तुझा धाकू