दरोडेखोरांच्या गोष्टी सांगणाऱ्या झोयाच्या अब्बांना

प्रिय झोयाचे अब्बा,

अस्सलाम अलैकुम.

परवा आमचा फायनल एग्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का, लागला. झोयाची बारावी झाली, मी नोकरी करत होते त्या शाळेने माझा राजीनामा मंजूर केला, आणि अझीझियाच्या या घरात आता दोन गाद्या, एक कुकर आणि दोरीने बांधलेली खोकी एवढंच उरलंय. जेद्दाच्या विमानतळावर आपण किती जणांना पोचवून आलो! सगळे आपापली माणसं घेऊन गेले. मी माझं माणूस इथेच ठेवून चाललेय. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय कशी निघू? म्हणून लिहायला बसले.

या घरात मला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते, सांगू? तुमच्या दरोडेखोरांची! हसू नका. लग्न होऊन दापोलीहून आले तेव्हा वाटलं होतं, नवरा मोबाईल दुरुस्त करतो, घरी येऊन बॅटऱ्या नि स्क्रीनबद्दल बोलेल. आणि तुम्ही बोलायचात कुणाबद्दल, तर आजोबांच्या काळातल्या, अमेरिकेत बँका लुटणाऱ्या लोकांबद्दल! दुपारी दुकान बंद करून जेवायला यायचात आणि फोन डाळीच्या वाटीला टेकवून वाचत बसायचात.

"ऐक गो, तिकडे मंदी आली. बँकांनी लोकांची शेतं घेतली, घरं घेतली. मग हे लोक बँका लुटायला लागले, तर लोकांना राग कशाला येईल? लोक यांना लपवून जेवायला घालायचे!"

"आणि पोलीस?"

"पोलीस मागे. यांची गाडी पुढे."

त्या बाईचा फोटो दाखवलात तेव्हा मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. गाडीला पाय टेकवून उभी, हातात पिस्तूल, तोंडात सिगार. मी म्हटलं, काय बया आहे! तर तुम्ही म्हणालात, "सिगार गमतीने धरलाय. ती सिगार ओढायचीच नाही. पण हा फोटो पोलिसांच्या हाती लागला, पेपरात छापला, आणि मरेपर्यंत ती सिगारवालीच राहिली." तुम्हाला तेव्हा ते भारी वाटलं होतं. मला नुसती गंमत वाटली. भाकरी करपली ते मात्र खरं.

मग तो नियम आला. मोबाईलच्या दुकानांत विक्रीला आणि दुरुस्तीला फक्त सौदी माणसंच बसणार. महिनाभर बाजारात दुसरा विषय नव्हता. तुमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर तुमचा व्हिसा होता ते अबू सालेह, भले गृहस्थ होते. दुकानात आले, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खलास, मुश्ताक. आता माझ्याही हातात काही नाही." तुम्ही घरी आलात ती हत्यारांची पेटी घेऊनच. मला वाटलं, आता गावी जाऊ. तुम्ही जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलंत आणि त्यावर भिंग लावलेला दिवा बसवलात.

किती समजावलं होतं मी! "अहो, पकडलं तर सरळ हद्दपार करतील."

"कोण पकडतंय? यल्ला, चहा ठेव."

लोक येऊ लागले. कुणी डब्यात फोन आणायचं, कुणी भाजीच्या पिशवीत. आणि तुमच्या गोष्टी पसरायला लागल्या! वरच्या मजल्यावरच्या हैदराबादच्या फरीदाभाभी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "सुना है भाईसाहब छत से कूद गए, और चेकिंगवाले देखते रह गए!" तुम्ही उडी मारणार? साध्या स्टुलावर चढताना तुम्हाला माझा खांदा लागायचा! मी घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. "उडी मारली नाही," असं काही कुणाला सांगितलं नाहीत. खरं सांगा, आवडलं होतं ना तुम्हाला?

पण त्या दुपारी बेल वाजली ती मी विसरले नाहीये. तुम्ही टेबलावरचे सगळे सुटे भाग दोन्ही हातांनी ओढून पिठाच्या डब्यात टाकलेत आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावलीत. दारात कोण, तर पाण्याच्या बाटल्या देणारा माणूस! मी त्याला पाठवून दिलं, तुम्हाला हाका मारल्या. कितीतरी वेळ कडी निघेना. निघाली तेव्हा तुम्ही ओल्या फरशीवर बसला होतात, कुर्ता घामाने चिकटलेला. मी शेजारी बसले. तुम्ही हळू आवाजात बोललात.

"ती सिगारवाली बाई आहे ना, तिचा पाय अपघातात भाजला होता. नीट चालता यायचं नाही तिला. तिचा जोडीदार तिला उचलून न्यायचा. गाडीतच झोपायची ती दोघं, ओढ्याच्या पाण्याने अंघोळ करायची. दाराशी कुणी आलं की अशीच हालत होत असेल त्यांची. फोटोत हे कुठे दिसतं गो?"

मी उठले. पिठातून तुमचे बारीक स्क्रू चाळणीने चाळून काढले. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी परत टेबलाशी बसलात. का बसलात हो? तेव्हाच थांबायचं ना!

थांबवलं ते झोयाने. पाचवीत होती. वर्गात 'माझा हिरो' यावर बोलायचं होतं. आमची लेक उभी राहिली आणि सांगून आली, माय पापा इज अॅन आउटलॉ, पोलीस कॅन नेव्हर कॅच हिम! तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं, दार लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाल्या, "ताई, मी कुणाला सांगणार नाही. पण पोरीला आवरा." मी झोयाचा हात धरून तडक घरी आले.

तुम्ही झोयाला ओरडला नाहीत. जवळ बसवून गोष्ट सांगायला घेतलीत, पण ती मी आधी कधी ऐकली नव्हती. रस्त्याकडेला त्या सिगारवालीची टोळी थांबली होती. मोटारसायकलवर दोन पोलीस आले, बहुतेक मदत हवी का विचारायला. दोघांनाही गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाचं लग्न ठरलं होतं. त्याची होणारी बायको त्याच्या मयताला लग्नाचाच पोशाख घालून आली.

 झोयाने विचारलं, "पापा, व्हॉट वॉज हिज नेम?"

आणि तुम्हाला सांगता येईना! दरोडेखोरांची नावं, त्यांच्या गाड्या, त्यांच्या बंदुका, सगळं तोंडपाठ. त्या पोलिसाचं नाव तुम्ही कधी वाचलंच नव्हतं. वाचलं असेल तर ठेवलं नव्हतं. तुमचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. फोन उचललात आणि शोधत बसलात. सापडल्यावर झोयाला शेजारी घेऊन तिच्याकडून ते नाव म्हणून घेतलंत. तिला ते आजही आठवतं.

त्या आठवड्यात तुम्ही लोकांचे फोन परत केलेत, झाले तसे आणि नाही झाले तसेही. अबू सालेहकडे जाऊन सांगितलंत, मला सोडा, दुसरीकडे कायद्याने जे मिळेल ते करीन. त्यांनीच ओळख काढून बुरैद्यात खजुरांच्या शीतगृहात लावून दिलं. कुठे जेद्दा आणि कुठे बुरैदा! माझी शाळेत नोकरी, झोयाची शाळा, म्हणून आम्ही इथे आणि तुम्ही तिकडे. बस सुटताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, "रुखसाना, आता बेल वाजली की खुशाल दार उघड."

उघडायचे हो. पण दाराबाहेर तुम्ही कधी नसायचात.

फोनवर तुमचा आवाज थंडीने जड झालेला असायचा. उन्हाळ्यातसुद्धा आत स्वेटर घालून काम! झोया विचारायची, "पापा, न्यू स्टोरी?" आणि तुम्ही सुक्करी खजूर कसा पिकतो ते सांगायचात. ती कंटाळायची. मी नाही कंटाळले कधी.

हंगामात आम्ही दोघी तुमच्याकडे आलो होतो, ते दिवस मी कितीदा पुन्हा जगलेय! सकाळी बाजारात गाड्याच गाड्या, त्यांच्या पाठीवर पिवळ्या खजुरांचे खोके, लिलाववाल्यांचा गलका. तुम्ही प्रत्येक ढिगातला एक खजूर झोयाच्या तोंडात घालत होतात. परत येताना रस्त्यात पोलिसांचा नाका आला. त्यांनी हात दाखवायच्या आधीच तुम्ही गाडी हळू केलीत, काच खाली केलीत, "सलाम अलैकुम," आणि इकामा, आपला राहण्याचा परवाना, पुढे केलात. पोलिसाने पाहिला न पाहिला, जा म्हणाला. केवढे खूष झालात! "बघितलंस? थांबलो, दाखवला, निघालो!" पुढच्या वळणापर्यंत तुम्ही गुणगुणत होतात. मला विचाराल तर आपल्या लग्नानंतरचा सगळ्यात सुंदर दिवस तो. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. वाटलं, सांगू कधीतरी.

मग तुमच्या सुपरवायझरचा फोन आला. सकाळी कामावर छातीत दुखलं, बसलात, आणि उठलाच नाहीत. अबू सालेहनी स्वतः गाडी काढली. म्हातारा माणूस, एवढा लांबचा रस्ता, वाटभर फक्त "सबर, माझ्या बहिणी" एवढंच बोलला. दुपारच्या असरच्या नमाजानंतर दफन झालं. बायकांना कब्रस्तानात जायला परवानगी नव्हती, मी झोयाला धरून भिंतीबाहेर गाडीत बसले. तुमच्या जनाज्याला बाजारातले हमाल आले होते, शीतगृहातली माणसं आली होती, मालकाचा मुलगा खांदा द्यायला पुढे होता. तुम्हीच सांगितलं होतंत, त्या दरोडेखोरांना मारलं तेव्हा झुंबड उडाली, कुणी त्यांचे केस कापून नेले, कुणी कपड्यांचे तुकडे. तुमच्याकडून कुणी काही नेलं नाही. सगळे दुआ करून आपापल्या कामाला गेले. त्याचंच मला फार बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी निरोप घ्यायला बुरैद्याच्या कब्रस्तानाशी गेलो. भिंतीशी उभ्या राहिलो. फाटकातून दिसतात ते सगळे सारखेच मातीचे उंचवटे, डोक्याशी एकेक दगड, कुणावरही नाव नाही. झोयाने विचारलं, "मम्मी, इनमें से कौन-सा?" मला माहीत नव्हतं.  मग ती भिंतीला हात लावून मराठीत बोलली, अडखळत, चुकतमाकत. "अब्बा, आम्ही जाते. तुम्ही काळजी नको घे." घरात पंधरा वेळा सांगूनही न बोलणारी पोरगी! तुम्ही ऐकलंत ना?

माझी नाराजी एकच. एवढी घाई का केलीत? झोया आता गाडी शिकणार म्हणतेय. शेजारी बसून तिच्यावर ओरडायला कुणीतरी नको का?

एक कबूल करते, झोयाचे अब्बा. दापोलीला गेले की लोक विचारतील, तुमचा मुश्ताक तिकडे कसा होता? त्यांना मोठी गोष्ट हवी असेल. मी वाढवून काही सांगणार नाही. सांगेन, घाबरायचे. मासा खाताना काटे काढून माझ्या ताटात ठेवायचे. चुकलं तेव्हा थांबले. झोयाची मुलं होतील, त्यांनाही एवढंच सांगेन, आणि ती कंटाळली तरी पुन्हा सांगेन.

अल्लाच्या हवाली.

तुमचीच,
रुखसाना