मठाच्या दाराचा फोटो

सृष्टीचे पप्पा,

चहा केलेला नाही. मी कीर्तनातल्या नागम्माकाकूंकडं निघाले. बँकेनं जप्त केलेली घरं स्वस्तात मिळतात म्हणून तुम्ही शोधलेली ती साइट खोटी आहे, आणि काकू आज अकराला तिच्यावर इसार भरणार आहेत. फोन उचलत नाहीत, म्हणून जाऊन अडवायचं. माझा फोन घेऊन कीर्तनाच्या ग्रुपवर ‘विश्वासाची साइट’ असं तुम्ही टाकलंत. बायकांना वाटलं, शिवलीला सांगतीय म्हणजे खरंच की.

नवी पेठेतलं घर म्हणून तिथं जो फोटो आहे, ते आपल्या मठाचं मागचं दार आहे. दर गुरुवारी मी तिथंच चपला काढते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एकदा जरी कीर्तनाला आला असता तर तुम्हीही ओळखलं असतं. ‘तुमची टाळकुटी मंडळी’ म्हणून हसायला मात्र लई पुढं. मागं तुम्ही स्वस्तात आणलेल्या होलसेलच्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात चिंध्या निघाल्या, तेव्हा मी गप्प बसले. लिलावाची खरी यादी बँकेच्या स्वतःच्या साइटवर असते आणि शाखेत जाऊन खात्री करता येते. काल मी विचारून आले. तुम्हाला बँकेत विचारायची लाज वाटत होती.

आज सहाला बुवा कीर्तनाला उभे राहतील. त्याआधी मठात येऊन ‘तो मेसेज मी टाकला’ असं तुम्ही सगळ्यांपुढं सांगायचं. आला नाहीत तर मी सांगेन, आणि तुमचं नाव घेऊन सांगेन. उखाण्याशिवाय ते आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

शिवलीला