ऋताच्या गोष्टीतली कविता

राजा घाट, वाराणसी

लते, गंगाकाठच्या म्हाताऱ्या भावाचे आशीर्वाद.

शाळेत आपण सगळे एका सुरात जी कविता म्हणायचो, तिचा आवाज पहाटेपासून कानात आहे. माझ्या नातीनं, ऋतानं, टोकियोत बसून लिहिलेल्या जपानी विज्ञानकथेत तीच कविता घातली: चंद्रावरच्या वस्तीत मराठी उरते ती फक्त एका म्हाताऱ्याच्या तोंडपाठ कवितेत. गोष्ट नवलेखकांच्या पुरस्काराच्या शेवटच्या फेरीत पोचली, पण पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. तेव्हापासून ती फोन उचलत नाही.

मी वेळेवर जेवतो. घरात मराठी बोलायला कोणी नाही, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

आत्ता दार वाजलं. दूधवाला समजून उघडलं, तर बॅग घेऊन ऋता! म्हणाली, "आजोबा, रडेन नंतर. आधी ती कविता म्हणा, शेवटचं कडवं मला आठवेचना."

लते, मलाही आठवत नाही. तुला येतं का गं?

तुझा दादा,
श्रीराम